मेळघाटचा वाघ कोणत्या कुळाचा?

अमरावती जिल्ह्याची उत्तर सीमा नकाशावर ठळक रेषेने दाखविलेली असते. या रेषेच्या अलीकडे धारणी आणि चिखलदरा हे मेळघाटचे दोन तालुके, तर पलीकडे मध्य प्रदेशातील बैतुल, खंडवा व बऱ्हाणपूर हे जिल्हे. महसूल, पोलीस, वन, निवडणूक या सर्व खात्यांच्या कारभारात ही रेषा महत्त्वाची आहे. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत वावरणाऱ्या वाघाला मात्र तिचा पत्ता नसतो. अमरावतीच्या जंगलात जन्मलेला वाघ अकोला जिल्ह्यातील नरनाळ्याच्या पायथ्याशी शिकार करू शकतो आणि पुढे तापी ओलांडून दुसऱ्या राज्यात जाऊ शकतो. मग हा वाघ कोणाचा म्हणावयाचा? प्रश्न वरवर थट्टेचा वाटतो; परंतु रस्ता कोठून न्यावा, रेल्वेमार्ग कोठे वळवावा आणि संरक्षणाचा पैसा कोणत्या जंगलावर खर्च करावा, हे निर्णय त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात.

व्याघ्र प्रकल्पाची योजना १९७३-७४ साली सुरू झाली, तेव्हा निवडण्यात आलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांमध्ये मेळघाटचा समावेश होता. आज गुगामल राष्ट्रीय उद्यान आणि मेळघाट, नरनाळा, वान व अंबाबरवा ही अभयारण्ये मिळून हा प्रकल्प अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांत सुमारे २,७६८ चौरस किलोमीटरवर पसरला आहे. देशातील वाघांची अंदाजित संख्या २००६ साली १,४११ होती. २०२२ च्या गणनेत ती किमान ३,१६७ असल्याचे आढळले. त्याच गणनेत महाराष्ट्राचा आकडा ४४४ होता. हे आकडे समाधानाचे आहेत यात शंका नाही. परंतु आकडा वाघ किती आहेत एवढेच सांगतो. एका जंगलातील वाघांची दुसऱ्या जंगलातील वाघांशी सोयरीक होते की नाही, हे त्यावरून कळत नाही.

सोयरीक का महत्त्वाची?

चार-पाच घरांच्या वस्तीने पिढ्यान्‌पिढ्या आपापसातच लग्ने लावली तर काय होते, हे ग्रामीण भागात कोणालाही समजावून सांगण्याची गरज नाही. वन्य प्राण्यांचेही तसेच आहे. चहूबाजूंनी तुटलेल्या जंगलात वीस-पंचवीस वाघ उरले, तर काही पिढ्यांतच ते एकमेकांचे जवळचे आप्त होतात. आईबापांकडून येणाऱ्या जनुकांमधील विविधता घटत जाते. एखादे उपयुक्त जनुक केवळ योगायोगाने नाहीसे होते, आणि दडून राहिलेला एखादा दोष उघड होतो. ओडिशातील सिमिलिपाल येथे याचे डोळ्यांना दिसणारे उदाहरण आहे. तेथील काही वाघांचे काळे पट्टे इतके रुंद व एकमेकांत मिसळलेले असतात की वाघ काळाच भासतो. हा प्रकार एकाच जनुकातील बदलामुळे होतो, हे २०२१ साली बंगळूरु येथील राष्ट्रीय जैविक विज्ञान केंद्राच्या शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. काळा रंग हा काही आजार नव्हे. परंतु इतरत्र अतिशय दुर्मिळ असलेला हा बदल तेथे वारंवार आढळावा, याचे कारण तो समूह छोटा आणि एकाकी आहे.

बाहेरून फार वाघ यावे लागतात असेही नाही. प्रत्येक पिढीत मोजकेच नवे प्राणी येऊन त्यांनी पिल्ले दिली, तरी दोन समूहांतील नाते टिकून राहते. अट एवढीच की त्यांनी केवळ यावयाचे नाही, तर संसार थाटावयाचा आहे. हा फरक लक्षात घेतला नाही तर मोठी गल्लत होते.

प्रवास आणि वंश

यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात एका तरुण वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर बसविण्यात आली होती. हा वाघ तेथून निघाला. तेलंगणाच्या सीमाभागातून, मराठवाड्याच्या कडेने, शेते, नाले व रस्ते ओलांडीत त्याने सुमारे १,३०० किलोमीटरची वाटचाल केली आणि त्या वर्षाच्या अखेरीस तो बुलडाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. या प्रवासाची वृत्तपत्रांतून बरीच वाहवा झाली. परंतु ज्ञानगंगेत वाघीण नव्हती. एवढी पायपीट करूनही तेथे त्याचा वंश रुजण्याची शक्यता नव्हती.

दुसरी घटना अमरावती जिल्ह्यातीलच, आणि ती दुःखद आहे. चंद्रपूर भागातून आलेला एक वाघ ऑक्टोबर २०१८ मध्ये धामणगाव रेल्वे परिसरात पोहोचला. तेथे दोन माणसे त्याच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडली. पुढे हा वाघ सातपुडा चढून बैतुल जिल्ह्यातील सारणीपर्यंत गेला, तेथे पकडला गेला आणि अखेर त्याला बंदिस्त जागेत ठेवावे लागले. नकाशावर पाहिले तर तो एका वाघांच्या प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात गेला होता. पण वंशाच्या हिशेबात ही फेरी शून्य ठरली, आणि तिची किंमत दोन कुटुंबांनी मोजली.

वाघ कोठे गेला हे कॉलर सांगते. कॅमेऱ्याने घेतलेल्या छायाचित्रातील पट्ट्यांवरून तो कोणता हेही ओळखता येते. परंतु गेल्या कित्येक पिढ्यांत दोन जंगलांमध्ये खरोखर नाते जुळले काय, याचा दाखला केवळ जनुकांत सापडतो.

मुशीचा धडा

हाच प्रश्न समुद्रातील मत्स्यव्यवसायापुढेही उभा आहे. कोकणात मुशी या नावाने ओळखले जाणारे शार्क मासे महासागर ओलांडून जातात. समुद्रात कुंपण नाही. अशा स्थितीत अमुक देशाच्या किनाऱ्यावर पकडली जाणारी मुशी ही तेथील स्वतंत्र समूहातील, की हजारो किलोमीटर पसरलेल्या एकाच मोठ्या समूहातील, हे कळल्याखेरीज किती मासेमारी होऊ द्यावी हे ठरविता येत नाही. स्वतंत्र समूह असेल तर तो संपल्यावर दुसरीकडून भरपाई होणार नाही.

पांढऱ्या शार्कवर २००१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत उद्‌बोधक ठरला. पेशीतील मायटोकाँड्रिया या सूक्ष्म घटकात थोडासा डीएनए असतो आणि तो केवळ आईकडून अपत्याकडे येतो. दक्षिण आफ्रिकेच्या आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या किनाऱ्यांवरील शार्कमध्ये हा मातृवंशाचा डीएनए स्पष्टपणे वेगळा आढळला. परंतु आईबाप दोघांकडून येणाऱ्या डीएनएत तेवढा फरक दिसला नाही. अर्थ असा काढण्यात आला की माद्या आपल्या किनाऱ्याला धरून राहतात आणि नर दूरवर भटकतात. नंतर २००३-०४ मध्ये खूण बसविलेली एक मादीच दक्षिण आफ्रिकेहून ऑस्ट्रेलियाला जाऊन नऊ महिन्यांच्या आत परतली, तेव्हा माद्याही मोठा प्रवास करतात हे उघड झाले. ती परतली मात्र स्वतःच्याच किनाऱ्याला. एका पद्धतीचे उत्तर दुसऱ्या पद्धतीने तपासून घ्यावे लागते, ते असे. हातोड्यासारख्या डोक्याच्या एका जातीच्या मुशीबाबत अमेरिकेने तर २०१४ साली एकाच जातीचे सहा समूह मानून त्यांपैकी चार समूहांना कायद्याचे संरक्षण दिले, दोघांना दिले नाही. जात एक, पण व्यवस्थापन समूहाप्रमाणे वेगळे.

वाघांतही साधारणतः लेक आईच्या क्षेत्राजवळ स्थिरावते आणि नर दूर जातो. त्यामुळे समुद्रावर उपयोगी पडलेले हे शास्त्र सातपुड्यातही उपयोगी पडते.

विष्ठेतून वंशावळ

वाघाला बेशुद्ध करून रक्त काढणे धोक्याचे आणि खर्चाचे. म्हणून शास्त्रज्ञांनी विष्ठेचा आधार घेतला. वाघ जंगलवाटेवर ठराविक ठिकाणी विष्ठा टाकतो आणि तिच्या पृष्ठभागावर त्याच्या आतड्यातील पेशी चिकटलेल्या असतात. पाऊलवाटा जाणणारा वनरक्षक किंवा कोरकू वनमजूर सोबत असेल तर नमुने लवकर सापडतात. नमुना उचलून अल्कोहोलमध्ये किंवा ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये ठेवावयाचा, जागा व तारीख नोंदवावयाची आणि प्रयोगशाळेकडे पाठवावयाचा. उन्हापावसाने पेशी लवकर खराब होत असल्याने ताज्या नमुन्याचे मोल अधिक.

प्रयोगशाळेत प्रथम विष्ठा वाघाची की बिबट्याची हे ठरविले जाते. त्यानंतर कोरोनाच्या साथीत सर्वांच्या परिचयाची झालेली पीसीआर ही प्रक्रिया वापरून डीएनएच्या निवडक तुकड्यांच्या असंख्य प्रती काढल्या जातात. डीएनएमध्ये काही ठिकाणी दोन-चार अक्षरांचा एकच गट पुन:पुन्हा आलेला असतो. ही पुनरावृत्ती एका वाघात बारा वेळा, तर दुसऱ्यात पंधरा वेळा असू शकते. प्रत्येक ठिकाणी एक आकडा आईकडून व एक बापाकडून आलेला असतो. अशी सात ते बारा ठिकाणे वाचली की त्या वाघाचा जणू सातबारा हाती येतो. पुनरावृत्तीच्या संख्येत कालांतराने आपोआप बदलही होतो. इंग्रजीत जनुकातील बदलाला आणि तलाठ्याच्या दप्तरातील फेरफाराला म्युटेशन हा एकच शब्द आहे, हा योगायोग महसूल खात्यातील वाचकांना मौजेचा वाटेल. दोन्हींत वारसा कोठून कसा आला याचीच नोंद असते.

एकेका वाघाचे आकडे मिळाले की पुढचे काम गणिताचे. कोणते आकडे कोणत्या जंगलात अधिक आढळतात ते पाहून प्रत्येक वाघ कोणत्या समूहाशी जुळतो याची संभाव्यता काढली जाते. मेळघाटात सापडलेला वाघ आकड्यांनी दुसऱ्याच जंगलाशी जुळला, तर तो स्वतः किंवा त्याचे आईबाप तिकडून आले असावेत असा निष्कर्ष निघतो.

मध्य भारताची उत्तरे

मेळघाटाबाबत या दशकभरात जे हाती आले ते लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. संदीप शर्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली सातपुडा-मैकल प्रदेशातील कान्हा, पेंच, सातपुडा आणि मेळघाट येथील २७३ वाघांचा आनुवंशिक अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ४५,००० चौरस किलोमीटरच्या या प्रदेशात वाघ साधारण दहा हजार वर्षांपूर्वी पसरले. सुमारे हजार वर्षांपूर्वी त्यांचे समूह वेगळे होऊ लागले आणि गेल्या दोनशे वर्षांत जंगले तुटत गेल्याने ही फारकत वेगाने वाढली, असे त्यांना दिसले. तरीही चारही समूहांत जनुकांची देवाणघेवाण चालू होती आणि जेथे जंगलाचे भ्रमणमार्ग शाबूत होते तेथे ती सर्वाधिक होती.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात मध्य भारतातील सहा संरक्षित क्षेत्रांतील ५५ वाघ तपासण्यात आले. काही वाघांचे मूळ सुमारे ६५० किलोमीटर दूरच्या क्षेत्रात असल्याचे त्यात आढळले. त्याहून महत्त्वाची बाब अशी की दोन समूहांतील नात्यावर अंतराचा तेवढा परिणाम दिसला नाही. परिणाम दिसला तो मधल्या वस्त्यांचा आणि रस्त्यांच्या दाटीचा. वाघ दोनशे किलोमीटर चालेल, पण वीस किलोमीटरची सलग दाट वस्ती त्याला अडवील, असा याचा व्यवहारी अर्थ लावता येईल.

डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी २०१४ साली ५८७ विष्ठा व १७ ऊतींच्या नमुन्यांतून १६९ वाघ ओळखले. त्यांना मध्य भारतात चार आनुवंशिक समूह दिसले आणि त्यांपैकी तिघांत परस्पर देवाणघेवाण मर्यादित असल्याचे आढळले. सतरा वाघ मात्र नजीकच्या काळात बाहेरून आलेल्या पूर्वजांचे होते. एक अभ्यास देवाणघेवाण भरपूर आहे म्हणतो, दुसरा ती काही ठिकाणी मर्यादित आहे म्हणतो, हे ऐकून गोंधळण्याचे कारण नाही. तपासलेली जंगले वेगळी, वाघ वेगळे आणि डीएनएवरील ठिकाणेही वेगळी. शिवाय जनुकांतील दाखला मागच्या पिढ्यांचा असतो. काल बांधलेल्या रस्त्याचा परिणाम त्यात आज दिसत नाही. तो दिसू लागेल तेव्हा उशीर झालेला असेल. भ्रमणमार्ग चालू असल्याचा दाखला म्हणजे तो पुढेही चालू राहील याची हमी नव्हे, हे प्रशासनाने विशेष ध्यानात ठेवले पाहिजे.

बंगळूरुच्या केंद्रातील संशोधकांनी २०२० साली वाघ, बिबट, अस्वल व रानमांजर यांची तुलना केली. माणसाच्या वावराचा परिणाम या चौघांवर सारखा होत नाही. उसाच्या फडातही निभावून नेणाऱ्या प्राण्याला जी शेतजमीन वाट वाटते, तीच वाघाला भिंत वाटते. म्हणूनच गावाशेजारी बिबट्या दिसतो, याचा अर्थ भ्रमणमार्ग सुरक्षित आहे असा घेता येत नाही.

वाट बंद झाली की प्राणी वाहून नेण्याचा उपाय उरतो. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात प्यूमा या मोठ्या मार्जाराची संख्या वीस-तीसवर येऊन सदोष पिल्ले जन्मू लागली, तेव्हा १९९५ साली टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडण्यात आल्या आणि समूह सावरला. हा उपाय यशस्वी होतो, परंतु तो महाग व जोखमीचा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातून आणलेली एक वाघीण २०१९ साली मेळघाटात सोडण्यात आली. ती माणसांवर हल्ले करू लागल्याने तिला पुन्हा पकडून नागपूरजवळ गोरेवाडा येथे हलवावे लागले.

रेल्वे, रस्ते आणि ई-क्लास जमीन

या शास्त्राचा वऱ्हाडाशी थेट संबंध आला तो अकोला-खंडवा रेल्वेमुळे. हा जुना मीटरगेज मार्ग अकोटच्या पुढे आमला खुर्दपर्यंतच्या टप्प्यात सुमारे ३८ किलोमीटर मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातो. २०१७ च्या प्रारंभी रुंदीकरणासाठी तो बंद झाला. दिवसातून मोजक्या मंदगती गाड्या आणि रुंद मार्गावरील अखंड वेगवान वाहतूक यांत मोठा फरक आहे. मार्ग जंगलाबाहेरून न्यावा, अशी भूमिका राज्य शासनाने २०२१ साली केंद्राकडे मांडली. पुढे प्रकल्पाला वळसा घालून जाणारी आखणी पुढे आली. अकोट आणि तेल्हारा तालुक्यांतील जनतेला रेल्वे हवी आहे आणि ती मागणी रास्तच आहे. वळशाच्या मार्गालाही सातपुडा ओलांडावाच लागणार असल्याने पूल व भुयारी वाटा कोठे ठेवाव्यात, हा प्रश्न तेथेही सुटत नाही. तो रूळ टाकण्यापूर्वी सोडविला तर स्वस्तात सुटतो. नागपूर-जबलपूर राष्ट्रीय महामार्गावर पेंचच्या जंगलात उंच पुलांखाली प्राण्यांसाठी नऊ वाटा ठेवण्यात आल्या, त्यांतील सर्वांत लांब ७५० मीटरची आहे. वाघ त्या वाटांनी जात असल्याचे कॅमेऱ्यांनी टिपले आहे.

वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार व्याघ्र प्रकल्पांना जोडणाऱ्या क्षेत्राचा पर्यावरणाला घातक असा वापर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या मान्यतेवाचून करता येत नाही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने २०१४ साली देशातील ३२ प्रमुख भ्रमणमार्गांचे नकाशे प्रसिद्ध केले. मेळघाटला सातपुड्याशी जोडणारा पट्टा त्यांत आहे. वरुड तालुक्यातील महेंद्री आणि जळगाव जिल्ह्यातील मुक्ताई-भवानी ही क्षेत्रे संवर्धन राखीव म्हणून घोषित झाली आहेत. पहिले मेळघाटच्या पूर्वेला संत्र्याच्या बागांच्या मुलखालगत, तर दुसरे पश्चिमेला, जेथे केळीच्या बागांतही वाघाचा वावर आढळतो.

भ्रमणमार्ग म्हणताच गाव उठणार, अशी भीती अनेक ग्रामपंचायतींना वाटते. मेळघाटच्या गाभा क्षेत्रातील काही गावांचे पुनर्वसन झालेले असल्याने ही भीती निराधार म्हणता येणार नाही. परंतु भ्रमणमार्ग ही वेगळी बाब आहे. तेथे वाघाने राहावे अशी अपेक्षा नसते. त्याने रात्रीतून निघून जावे एवढीच असते. त्यासाठी शेती बंद करावी लागत नाही. नाल्याकाठची झाडोरा असलेली पट्टी तुटू नये, गावच्या ई-क्लास जमिनीवरील झुडपे सरसकट साफ होऊ नयेत, दोन जंगलांमधील शेतांभोवती उच्च दाबाची वीज सोडलेली तार नसावी, इतक्या साध्या गोष्टींवर हा मार्ग तगतो. अशा तारेने वाघ मरतो तसा शेजारचा शेतकरीही मरतो.

जनावर मारले गेले तर ४८ तासांच्या आत वन कर्मचाऱ्याला कळवावे आणि पंचनामा होईपर्यंत ते हलवू नये, असा नुकसानभरपाईचा नियम आहे. त्याचा आणखी एक उपयोग फारसा माहीत नसतो. मेलेल्या जनावराच्या जखमेवरील लाळेतही मारणाऱ्याचा डीएनए असतो. जागा बिघडविलेली नसेल तर हल्ला वाघाचा की बिबट्याचा, पुन:पुन्हा तोच प्राणी येतो की वेगळा, हे त्यावरून प्रयोगशाळेत ठरविता येते. त्यामुळे निरपराध प्राण्याला पकडण्याची चूक टळते आणि गावावरील धोका नेमका कोणाकडून आहे हेही कळते. आदल्या दिवशी ओढत नेऊन पुरलेल्या गाईवरून यांतले काहीच कळत नाही.